‘काढून टाका’ ही दुरुस्ती नव्हे

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात बसलो होतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पुण्याच्या आसपास कुठेही गाडी कुरकुरली, तरी कोणीतरी ‘सर’ म्हणत धावत येतं आणि चहाचे पैसे देऊ देत नाही. हा त्यातला हुशार. हात चांगला, कान त्याहून चांगला. समोर चार वर्षांची डिझेल गाडी उभी होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, पिकअप गेलेला, मालक हवालदिल. पोरगा त्याला सांगत होता, “साहेब, डीपीएफ चोक आहे. कंपनीत गेलात तर बदला म्हणतील, लाखाच्या घरात बिल येईल. मी आतून पोकळ करून देतो, मॅप मारतो, दिवा परत लागणार नाही. गाडी मोकळा श्वास घेईल.” मग माझ्याकडे वळला. “काय सर, बरोबर ना?”

गिऱ्हाइकासमोर मेकॅनिकचा पाणउतारा करू नये, म्हणून मी “बघू” म्हणालो आणि चहा संपवला. मालक गाडी ठेवून गेल्यावर त्याने आपली बाजू मांडली. ही सगळी नळकांडी सरकारला खूश करायला बसवलेली आहेत. आपल्या रस्त्यांना आणि आपल्या डिझेलला ती मानवत नाहीत. कात्रजच्या घाटात एक ट्रक जेवढा धूर सोडतो, त्यापुढे ह्या गाडीचा धूर म्हणजे उदबत्ती. पीयूसी तर पास होतेच. आणि शेवटी हुकमी पान: “सर, तुमच्या त्या फियाटला यातलं काय होतं? पळाल्याच ना?”

हेच मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत तर रोज ऐकतो. त्या दिवशी न दिलेलं उत्तर म्हणून इथे लिहितो आहे.

‘काढून टाका’ हा आमच्या धंद्यातला जुना पंथ आहे. त्याचा पहिला बळी थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हटलं की रेडिएटर तपासायचा, पंखा बघायचा, वॉटर पंप बघायचा, कूलंटमध्ये कोणी नळाचं पाणी भरलंय का ते विचारायचं. एवढं करायला वेळ जातो. थर्मोस्टॅट काढायला दोन बोल्ट पुरतात. काटा खाली येतो, मालक खूश. पण थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवण्यासाठी नसतो. इंजिन लवकर तापावं आणि मग नव्वद अंशांच्या आसपास टिकावं, यासाठी असतो. तो गेला की थंडीत, उतारावर, मोकळ्या रस्त्यावर इंजिन कोमटच राहतं. कंट्रोल युनिटला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झाली आहे. ते पेट्रोल वाढवून देत राहतं. अॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात. ऑइलमधली वाफ उडून जात नाही, म्हणून ऑइलच्या टोपीखाली दुधाळ साय धरते. आणि ज्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आहे, तिची काजळी जाळायची प्रक्रिया इंजिन पुरेसं तापल्याखेरीज सुरूच होत नाही. म्हणजे एका गॅरेजात ‘गरम होते’ म्हणून जे काढलं, त्यामुळे दुसऱ्या गॅरेजात ‘चोक होतं’ म्हणून आणखी काहीतरी काढायची वेळ येते.

दुसरा बळी ईजीआर. इथे मला कबुली द्यायला हवी, कारण हे पाप मीही केलं आहे. २०१० साली माझ्याकडे डिझेल गाडी होती. सत्तर हजार किलोमीटरनंतर ती चढावर दम टाकायला लागली. ईजीआर व्हॉल्व्ह उघडला तर आत डांबरासारखा चिकट थर. मुलांना वर्गात तोंड भरून सांगायचो, की इंजिनाचा थोडा जळका गॅस परत आत घेतला की ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी बनतात. पण स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापला, गॅस्केटच्या मापाची चकती केली आणि दोन फ्लँजच्या मध्ये घातली. गाडी उडायला लागली. मी महिनाभर मिरवलो.

पुढे एकदा सवड मिळाली तेव्हा पत्रा काढला, व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरने धुतला, नीट बसवला. गाडी तशीच पळाली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की धडधाकट ईजीआर बंदच होतो; चढावर तो पिकअपमध्ये वाटा मागत नाही. माझा व्हॉल्व्ह काजळीमुळे अर्धा उघडा अडकला होता, एवढंच. पत्र्याने जे दिलं म्हणून मी मिरवत होतो, ते स्वच्छतेनेही मिळालं असतं. आणि काजळी तरी एवढी का साचली? टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या होसला क्लिपजवळ चीर गेली होती. हवा बाहेर गळत होती, इंजिनाला कमी पडत होती, डिझेल अर्धवट जळत होतं. काही शे रुपयांची होस. मी रोग्याला सोडून थुंकीच्या भांड्याला झाकण लावलं होतं.

त्या महिन्यात मी पीयूसीही काढली होती. आकडा आधीपेक्षा चांगला आला! यात जादू काही नाही. डिझेल इंजिनात काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं तराजूच्या पारड्यांसारखं असतं. ईजीआर बंद केला की धूर उतरतो आणि ऑक्साइडं चढतात. पीयूसीची नळी डिझेल गाडीत फक्त धुराचा दाटपणा बघते. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघते. नायट्रोजनची ऑक्साइडं ती दोन्हींत मोजत नाही. म्हणून “पीयूसी पास आहे” हे माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य खरं आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. ईजीआर बंद केल्याने जो वायू वाढतो, तो त्या यंत्राला दिसतच नाही. (यंत्राची नळी सायलेन्सरच्या जवळ तरी जाते का, हा वेगळा विषय. पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमध्ये गाडी न बघताच हातात पडलेली प्रमाणपत्रं मीही खिशात घालून घरी आलो आहे.)

चाचणीत पास आणि रस्त्यावर नापास, हा खेळ एका बड्या कंपनीनेही खेळून दाखवला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग अमेरिकेत फुटलं. डिझेल गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर चढवली आहे हे तिचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरती गाडी सोवळ्यात वागायची. आपल्याकडे तपासणी केली ती पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने. त्यांना रस्त्यावरचं नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण बीएस-४ (भारत स्टेज) या प्रदूषण मानकाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळलं, आणि कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं. तेव्हा चहाच्या टपरीवर त्या कंपनीला शिव्या घालणाऱ्यांत माझे किती तरी विद्यार्थी होते. आज तेच काम ते लॅपटॉप जोडून गाडीमागे काही हजारांत करतात आणि त्याला ‘मॅप मारणं’ म्हणतात.

आता डीपीएफ. त्याबद्दल सगळ्यांत जास्त बोललं जातं आणि त्यातलं निम्मं खरंही आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डीपीएफ म्हणजे चिनीमातीसारख्या पदार्थाचं मधाचं पोळं. त्याची भोकं एकाआड एक बुजवलेली असतात, त्यामुळे धुराला भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. अडकलेली काजळी जाळावी लागते. सलग वेगात गाडी चालली की ती काही अंशी आपोआप जळत राहते. नाहीतर कंट्रोल युनिट थोडं डिझेल उशिरा फवारून सायलेन्सरमधलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आता कोथरूडहून डेक्कनला जाणारा माणूस घ्या. पाच किलोमीटर, सात सिग्नल, गाडी बंद. काजळी जळायला सुरुवात होते न होते तोच किल्ली फिरते. असं रोज. प्रत्येक अर्धवट प्रयत्नात उशिरा फवारलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलं दिसेल. ‘माझी गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते,’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात, तेव्हा रडावं की हसावं कळत नाही. ते पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला जातं.

त्यात ऑइल कुठलं, हाही प्रश्न आहे. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये त्याचा ग्रेड छापलेला असतो. काजळी जळते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम-जस्ताची राख कधीच जळत नाही. ती पोळ्यात बसते ती बसतेच. दोन-अडीचशे रुपये वाचवायला ट्रकच्या बॅरलमधलं ऑइल ओतणारे आम्हीच, आणि पुढे “नळकांडंच बेकार” म्हणणारेही आम्हीच.

मग चूक कोणाची? सगळी मालकाची नाही, हे मी मान्य करतो. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्या माणसाला शोरूममध्ये डिझेल गाडी गळ्यात मारली, तेव्हा डीपीएफ हा शब्द कोणी उच्चारला नाही. दिवा लागल्यावर वर्कशॉपमध्ये त्याला आधी ‘बदला’ असं सांगितलं गेलं. स्कॅनरवरून सक्तीचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करता येतं, फिल्टर खोलून धुऊनही आणता येतो, हे मागाहून कळलं किंवा कळलंच नाही. ज्याला लाखाचं बिल दाखवलं जातं तो गल्लीतल्या गॅरेजाकडे वळणारच. त्याच्या जागी मीही वळलो असतो. पण एका लबाडीवर दुसरी लबाडी हा इलाज कसा? वर्कशॉपने भीती विकली, तू धूर विकतोस.

“आपल्या डिझेलला मानवत नाही” हा मुद्दा एके काळी खरा होता. बीएस-३च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत असायचं, आणि एवढ्या गंधकात ही यंत्रणा टिकली नसती. बीएस-४मध्ये ते ५०वर आलं. १ एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या इंधनात कमाल १० पीपीएम आहे. युरोपातल्या पंपावरही तेवढंच. त्या काळचा मुद्दा घेऊन आजच्या गाडीचा सायलेन्सर कापायला निघायचं, म्हणजे जुन्या पंचांगावर नव्या लग्नाचा मुहूर्त काढायचा.

पेट्रोल गाडीवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. त्यांच्याकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. १९९५च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठीच पंपावर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. शिशाने कॅट मरतो. ह्या कॅटने तुमच्या-माझ्या मुलांच्या रक्तातलं शिसं कमी करायला हातभार लावला, हे उपकार ‘सरकारला खूश करायला बसवलेलं नळकांडं’ म्हणणाऱ्याने एकदा आठवावेत. तो चोक झाला की गाडी दमते हे खरं. पण तो आपण होऊन क्वचितच मरतो. इग्निशन कॉइल गेली, एक सिलिंडर मिस मारायला लागलं, दिवा लुकलुकत राहिला आणि मालक “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू” म्हणत महिनाभर तशीच चालवत राहिला, की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतलं पोळं वितळतं. बॅटरी उतरली म्हणून चार जणांनी गल्लीभर धक्का मारला, तरी कच्चं पेट्रोल तिथेच जातं. पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन ऑइल खात असेल तर त्यातलं फॉस्फरस कॅटवर लेप चढवतं. तिन्ही वेळा गुन्हेगार पुढे बसलेला असतो आणि शिक्षा मागच्याला होते.

आणि काढलेला कॅट जातो कुठे? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. भंगारवाल्याला हे पक्कं ठाऊक आहे. मेकॅनिकला तर आहेच. फक्त गाडीच्या मालकाला माहीत नसतं. “साहेब, बेकार भाग आहे, काढून टाकतो” असं म्हणून जो काढला, त्याचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक बाहेर उभं असतं. सगळे असं करतात असं मी म्हणत नाही. पण इतक्या कळवळ्याने सल्ला दिला जातो तेव्हा हा हिशेब डोक्यात असलेला बरा.

ट्रकचा मुद्दा राहिला. ट्रक जास्त धूर सोडतो, मान्य. पण बीएस-४च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ने ती ४.५वर आणली, नायट्रोजन ऑक्साइडं २५०वरून ८०वर आणली. या फरकात त्या पोळ्याचा आणि त्या व्हॉल्व्हचा मोठा वाटा आहे. पोळं फोडलं की गाडी नंबरप्लेटवर नवी आणि सायलेन्सरमध्ये जुनी. शेजाऱ्याच्या घरातून नाल्यात घाण जाते म्हणून आपणही मोरीचं तोंड रस्त्यावर काढायचं का? सिग्नलला तुमच्या सायलेन्सरच्या तोंडाशी ट्रक उभा नसतो. शाळेच्या पोराला पुढे उभं करून स्कूटर धरलेली बाई असते, शिट्टी तोंडात धरलेला हवालदार असतो. गाडीने घेतलेला मोकळा श्वास त्यांच्या छातीतून वजा होतो.

आणि सगळ्यांत जवळ उभा असतो तो मेकॅनिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर पहिल्या गटात घातला. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे निश्चित. ह्या पोराचं गॅरेज मी पाहिलं आहे: दोन गाळे, पावसाळ्यात शटर अर्धं खाली, आत गाडी रेसवर ठेवून तो कान लावून आवाज ऐकतो. पोळं फोडलेली पहिली गाडी कोणाच्या नाकाखाली सुरू होते? त्याच्याच. मालक तर काच चढवून एसी लावून निघून जातो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायद्याने कोणी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीवाचून असे बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला, हे लक्षात घ्या. सल्ला देणारा गॅरेजातच राहतो.

फियाटचं म्हणाल तर त्या पळाल्या, खरं आहे. मीच पळवल्या आहेत. पण त्यांचं हेड उघडून कार्बन खरवडणं, पॉइंट घासणं, कार्बोरेटर ट्यून करणं ही नेहमीची कामं होती, आणि ती करणारा माणूस ‘काढून टाका’ म्हणत नसे; काढून साफ करून परत बसवत असे. आज दोन लाख किलोमीटर हेड न उघडता गाडी चालते ती ऑक्सिजन सेन्सर क्षणाक्षणाला मिश्रण सुधारतो म्हणून. तो सेन्सर ज्या साखळीचा भाग आहे, तीच साखळी तोडायला तुम्ही निघालात. जुन्या गाड्यांची आठवण काढायचीच असेल तर ती त्या हातांची काढा.

दोन दिवसांनी मी परत त्या गॅरेजात गेलो. स्कॅनर पुन्हा लावायला सांगितला. डीपीएफच्या कोडखाली दुसरा कोड होता, तो त्याने आदल्या वेळी वाचलाच नव्हता: कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. त्या दिवशी चहा पिताना माझं लक्ष काट्याकडे गेलं होतं. गाडी पाऊण तास चालून आली होती आणि काटा अजून निम्म्याच्या खाली होता. थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. आत नुसती गॅस्केट. दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी गरम होते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता, असं मालक म्हणाला.

नवा थर्मोस्टॅट घातला. रेडिएटरसमोर साचलेली धूळ-माती धुतली. दोन वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं. ऑइल बदललं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. स्कॅनरवरून काजळी जाळली आणि मग मालकाला खंबाटकी घाटापर्यंत जाऊन यायला सांगितलं. सगळं मिळून बिल डीपीएफ पोकळ करून मॅप मारण्याच्या दरापेक्षा कमी आलं. दिवा अजून लागलेला नाही.

तुम्हाला कोणी काही काढून टाकायचा सल्ला दिला, तर आधी स्कॅनरवरचे सगळे कोड कागदावर लिहून मागा. आणि तरीही काढायचंच ठरलं, तर काढलेला भाग पिशवीत घालून घरी न्या. मेकॅनिक तो द्यायला खळखळ करतो का, तेवढं बघा.